सर्व्हरचा रॅक: मांडावा कसा, सांभाळावा कसा

पतसंस्था, साखर कारखाना, शंभर खाटांचे रुग्णालय, इंजिनिअरिंग कॉलेज. कामाचा बराच भाग क्लाउडवर गेला तरी अशा बहुतेक ठिकाणी एखाद्या बंद खोलीत एक काळा रॅक अजून उभा असतोच. नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये चोवीस तास माणसे असतात, जोडीला जनित्रे असतात, सुटे भाग हाताशी असतात. जिल्ह्याच्या गावातल्या रॅकच्या वाट्याला यातले फारसे काही येत नाही. त्याच्याकडे बघणारा एकच माणूस असतो आणि प्रिंटरपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळे त्याच्याच गळ्यात असते.

हा लेख अशा रॅकसाठी आहे: तीन ते आठ सर्व्हर, एखादे स्टोरेज, दोन-तीन स्विच आणि एक-दोन यूपीएस. त्यातला प्रत्येक निर्णय एकाच कसोटीवर घासून घ्यावा. बिघाड होईल त्या दिवशी रॅक लावणारा माणूस हजर नसेल. जो येईल त्याने तो रॅक कधी पाहिलेला नसेल, त्याला घाई असेल आणि साहेबांचे फोन चालू असतील. त्याला बाकी काहीही बंद न करता बिघडलेली एक वस्तू ओळखता, काढता आणि बदलता आली पाहिजे. महागडी यंत्रे घेऊनही हे साधत नाही; आणि साधी यंत्रे नीट मांडली तर सहज साधते.

आधी खोली, मग रॅक

जी खोली दुसऱ्या कशालाच उपयोगी नाही ती सर्व्हरला द्यायची, अशी आपल्याकडची रीत. म्हणून रॅक जिन्याखाली, स्वच्छतागृहाशेजारी किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली सापडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढले. तळघर आणि पूररेषेजवळचा तळमजला यादीतून आधीच वगळा. सगळ्यात वरचा मजलाही टाळा, कारण तापलेल्या स्लॅबखाली एसीला दुप्पट कष्ट पडतात. मधल्या मजल्यावरची, पश्चिमेचे ऊन न येणारी आणि वर पाण्याची टाकी किंवा स्वच्छतागृह नसलेली खोली उत्तम. तळमजल्याला पर्यायच नसेल तर रॅकखाली किमान फूटभर उंचीचा काँक्रीटचा ओटा बांधून घ्या.

वजनाचा हिशेब करा. यूपीएसच्या बॅटऱ्या धरून छोट्या संस्थेचा रॅक सहज ४०० ते ५०० किलोंचा होतो आणि हे वजन अर्ध्या-पाऊण चौरस मीटरवर उतरते. कार्यालयाचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २५० ते ४०० किलोंच्या हिशेबाने बांधलेला असतो. हा भार एका ठिकाणी एकवटतो म्हणून रॅक कॉलम-बीमच्या जवळ ठेवा. बॅटऱ्या जास्त असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून घ्या.

पुढे चार फूट आणि मागे तीन फूट जागा मोकळी हवी. सर्व्हर रेलवरून पूर्ण बाहेर ओढला की अडीच फुटांपर्यंत पुढे येतो, आणि त्यापुढे माणूस उभा राहायला हवा. भिंतीला टेकवलेल्या रॅकमागे हात जात नाही. मग वायर बदलण्यासाठी अख्खा रॅक हलवावा लागतो.

वायरी आत येतात त्या भोकांतूनच उंदीर येतात. ती भोके जाळी आणि न जळणाऱ्या सीलंटने बुजवा. विदर्भ-मराठवाड्यात एसी बंद पडला की डेझर्ट कूलर आणून लावण्याची सवय आहे. सर्व्हरच्या खोलीत तो कधीही लावू नका. ओलसर हवा आणि पाण्यातले क्षार दोन्ही सर्किट बोर्डावर बसतात. आग विझवायला कार्बन डायऑक्साइडचे किंवा क्लीन एजंटचे सिलिंडर ठेवा. सर्वत्र लटकणाऱ्या एबीसी पावडरने आग विझते, पण ती पावडर यंत्रांत शिरून त्यांना गंज आणते.

रॅक निवडताना

रॅकची रुंदी ठरलेली आहे: यंत्राची दर्शनी पट्टी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. टेलिफोन एक्सचेंजच्या काळापासून ते माप टिकून आहे. उंची यू या एककात मोजतात. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. ४२ यूच्या रॅकमध्ये सुमारे १.८७ मीटर वापरण्याजोगी उंची मिळते, बाहेरून तो दोन मीटरच्या आसपास भरतो. खोलीचे दार आणि लिफ्ट मोजूनच ऑर्डर द्या.

खरी चूक खोलीच्या मापात होते, म्हणजे रॅक पुढून मागे किती आहे यात. भिंतीवर टांगायचा ६०० मिलिमीटर खोलीचा रॅक स्विच आणि पॅच पॅनेलसाठी असतो. सर्व्हर ७०० ते ८०० मिलिमीटर लांब असतात; मागे वायरींना आणि पॉवर पट्ट्यांना जागा हवी. त्यामुळे १००० मिलिमीटरहून कमी खोलीचा रॅक सर्व्हरसाठी घेऊच नये. १२०० मिळाला तर अधिक चांगले.

दुसरी चूक दाराची. आपल्याकडे पुढे टफन्ड काचेचे दार असलेले रॅक दिसायला छान म्हणून सर्रास विकले जातात. सर्व्हर हवा पुढून घेतो आणि मागून सोडतो. काचेमागे तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढू लागतो. दोन्ही बाजूंची दारे जाळीची घ्या. काचेचा रॅक आधीच घेतलेला असेल तर पुढचे दार काढून ठेवा आणि खोलीला कुलूप लावा.

खांबांना चौकोनी भोके असलेला रॅक घ्या, कारण आजचे रेल त्यांतच हत्याराविना बसतात. प्रत्येक यूमध्ये तीन भोके असतात आणि ती समान अंतरावर नसतात. एकाच यूमधल्या भोकांत १५.९ मिलिमीटर अंतर असते, तर एक यू संपून दुसरा सुरू होतो तिथे ते १२.७ असते. म्हणजे जवळजवळच्या दोन भोकांच्या मध्ये यूची हद्द. हे ध्यानात न घेता एक भोक वर-खाली बसवलेला रेल पुढे प्रत्येक यंत्राला सुमारे एक तृतीयांश यू सरकवत नेतो. खांबांवर यूचे आकडे छापलेले नसतील तर पहिल्याच दिवशी खालून वर, पुढे आणि मागे, रंगाने लिहून घ्या.

हवेचा मार्ग

सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढीच उष्णता सोडतो. एक वॅट म्हणजे तासाला ३.४१ बीटीयू आणि एसीचा एक टन म्हणजे १२,००० बीटीयू. समजा रॅक २.५ किलोवॅट वीज घेतो. त्याची उष्णता ८,५३० बीटीयू, म्हणजे पाऊण टनाहून थोडी कमी. त्यात यूपीएसची उष्णता, भिंतींतून येणारे ऊन आणि आत काम करणारी माणसे मिळवा. शिवाय एसीचा टनाचा आकडा बाहेर ३५ अंश तापमान धरून दिलेला असतो. चंद्रपूर, अकोला, जळगावच्या ४५ अंशांत तो एसी तेवढे काम देत नाही. म्हणून या रॅकला दीड टनाचा एसी लागेल आणि तसे दोन लागतील. दोन्ही एकदम चालवण्यासाठी नव्हे. टायमर कंट्रोलर लावून ते आळीपाळीने चालवा. एक बंद पडला तर दुसऱ्याने एकट्याने पूर्ण भार उचलला पाहिजे.

ॲश्रे या अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश तापमान योग्य ठरवले आहे. सर्व्हरच्या तोंडाशी, एसीच्या रिमोटवर नव्हे. रॅकच्या पुढच्या बाजूला वर, मध्ये आणि खाली असे तीन स्वस्त सेन्सर लावा. वरच्या सर्व्हरला नेहमी अधिक उष्ण हवा मिळते आणि तिथला आकडा २७ च्या आत राहिला की पुरे. एसी १८ वर ठेवून खोली गारठवण्याने बिल वाढते, सर्व्हरचे आयुष्य वाढत नाही. कोकणात आणि गोव्यात तापमानाइतकेच आर्द्रतेकडे लक्ष ठेवा. ती ६० टक्क्यांच्या आत हवी.

एसीची थंड हवा रॅकच्या पुढच्या बाजूला पडावी आणि गरम हवा मागे राहावी. रॅकमधला प्रत्येक रिकामा यू ब्लँकिंग पॅनेलने बंद करा, नाहीतर मागची गरम हवा त्याच फटीतून पुढे येते. प्लॅस्टिकची ही पट्टी काही रुपयांची असते. स्विच मात्र तपासून लावा: काहींचे पंखे हवा उलट दिशेने वाहतात, तर काही बाजूने घेतात. ऑर्डर देतानाच हवेची दिशा सांगता येते.

एसीचे इनडोअर युनिट रॅकच्या बरोबर वर कधीही नको. ड्रेन तुंबला की पाणी थेट यंत्रांवर. आणि एक गोष्ट मुद्दाम तपासा: वीज जाऊन परत आली की एसी आपोआप चालू होतो का? घरगुती एसींपैकी काही रिमोट दाबेपर्यंत बंदच राहतात. शनिवारी रात्री लाइट जाऊन आली तर सोमवारी सकाळपर्यंत खोलीची भट्टी झालेली असते.

वीज: दोन वाटा

बहुतेक सर्व्हरना दोन पॉवर सप्लाय असतात. त्या दोघांच्या वायरी एकाच पट्टीत खुपसलेल्या अनेक रॅकमध्ये दिसतात. मग दुसऱ्या सप्लायचे पैसे वाया गेले. ए आणि बी अशा दोन स्वतंत्र पॉवर पट्ट्या लावा, त्यांना स्वतंत्र एमसीबी द्या आणि शक्य असेल तर स्वतंत्र यूपीएस. ए बाजूच्या सगळ्या वायरी एका रंगाच्या, बी बाजूच्या दुसऱ्या. अनोळखी माणसालाही एका नजरेत कळते की कोणते ओढले तर काय जाईल.

भाराचे गणित साधे आहे. एक बाजू गेली की दुसरीवर सगळे येते. १६ अँपिअरच्या एमसीबीवर सतत ८० टक्के, म्हणजे १२.८ अँपिअर धरावेत. म्हणून दोन्ही बाजूंची बेरीज १२.८ च्या आत ठेवा, एकेका बाजूची नव्हे. ‘८०० वॅटचा सप्लाय’ म्हणजे सर्व्हर ८०० वॅट खातो असे नसते. खरा आकडा सर्व्हरच्याच व्यवस्थापन पानावर दिसतो. तो पूर्ण कामाच्या वेळी पाहा.

यूपीएस ऑनलाइन प्रकारचाच घ्या. व्हीए आणि वॅट यांत फरक असतो: ३ केव्हीएचा, ०.९ पॉवर फॅक्टरचा यूपीएस २,७०० वॅटच देतो. बॅकअपच्या वेळेबाबत विक्रेत्याचा शब्द प्रमाण मानू नका. आठ बॅटऱ्यांची ९६ व्होल्ट, २६ एएचची बँक कागदावर सुमारे २,५०० वॅट-तास भरते. १,८०० वॅटला ती ८३ मिनिटे पुरावी असे वाटते. पण एएचचा आकडा बहुधा वीस तासांच्या संथ वापरासाठी दिलेला असतो. भराभर वीज ओढली की बॅटरी कमी देते. त्यात यूपीएसमधली घट. नव्या बॅटरीवरही पाऊण तासाच्या आतबाहेरच धरा.

आणि हा पाऊण तास तरी सगळा वापरावा का? एसी यूपीएसवर नसतो. वीज गेली की सर्व्हर चालू, गारवा बंद, आणि छोट्या खोलीचा पारा झपाट्याने चढतो. एसी जनित्रावर नसेल तर चार तासांच्या बॅटऱ्या घेणे म्हणजे सर्व्हर भाजण्याची सोय करणे. यूपीएसला नेटवर्क कार्ड किंवा यूएसबी वायर जोडा. ठरलेली मिनिटे उलटली की किंवा तापमान ठरलेल्या आकड्यावर गेले की यंत्रे आपोआप, क्रमाने बंद व्हावीत: आधी व्हर्च्युअल मशीन, मग सर्व्हर, शेवटी स्टोरेज. चालू करताना उलट क्रम. वीज आल्यावर सर्व्हरने स्वतःहून उठायचे की नाही हे बायोसमध्ये ठरवता येते. स्टोरेजआधी सर्व्हर उठणार नाहीत एवढी उसंत तिथेच द्या.

अर्थिंग मोजून घ्या. भार चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मल्टिमीटरवर दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. तो जास्त आला की काही वायरमन सॉकेटमागे न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकतात. आकडा शून्य होतो आणि सगळे खूश. पुढे कधी न्यूट्रल तुटला तर अख्ख्या रॅकच्या पत्र्यात करंट येतो. असे कोणी केले असेल तर ताबडतोब काढून टाका आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून खरा दोष शोधून घ्या. मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. फेब्रुवारीपासून त्यात नियमित पाणी घालण्याचे काम कोणाचे, हे नावानिशी ठरवा.

यंत्रे चढवताना

जड ते खाली: सर्वांत खाली यूपीएस आणि बॅटऱ्या, वर स्टोरेज, मग सर्व्हर, वरच्या भागात स्विच आणि पॅच पॅनेल. रॅकचे पाय जमिनीवर टेकवून लेव्हल करा, पुढचे आधारपाय बाहेर काढा. एका वेळी एकच यंत्र बाहेर ओढा. दोन ओढले तर रॅक पुढे कलंडू शकतो.

२ यूचा भरलेला सर्व्हर २५ ते ३५ किलोंचा असतो. उचलण्याआधी पॉवर सप्लाय आणि डिस्क काढा. डिस्क काढताना प्रत्येकीवर तिच्या खणाचा आकडा लिहा. दोघांनी बाजूंना धरून उचला. पॉवर सप्लायच्या दांडीला धरून कधीही नाही. छातीच्या वर चढवायचा असेल तर तिसरा माणूस हवा. केज नट बसवायला त्याचे छोटे हत्यार वापरा. पेचकसाने बसवताना बोटे कापतात. सर्व्हर उघडताना मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधून तो रॅकच्या धातूला जोडा. कोरड्या हवेत ही काळजी जास्त लागते.

वायरी आणि लेबले

एका बाजूने वीज, दुसऱ्या बाजूने नेटवर्क. हे दोन आडवे-उभे गुंतले की दुरुस्ती अवघड होते. पॅच कॉर्ड योग्य लांबीच्या आणा. तीन फुटांच्या कामाला दहा फुटांची वायर लावली की उरलेले भेंडोळे हवेच्या वाटेत लोंबते. प्लॅस्टिकचे टाय वापरू नका, वेल्क्रो वापरा. टाय आवळला की वायर आत दबते, आणि कापताना शेजारची वायरही कापली जाते. तांब्याच्या नेटवर्क केबलला तिच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान वळण देऊ नका. फायबर त्याहून नाजूक. कॅट-६ ची एकूण लांबी १०० मीटरच्या आत.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना लेबल लावा आणि त्यावर दोन्ही टोकांचे पत्ते लिहा: हे टोक कोणत्या यूमधल्या कोणत्या पोर्टमध्ये, ते टोक कुठे. ‘मेन सर्व्हर’ किंवा ‘नवीन स्विच’ असले नाव दोन वर्षांत निरर्थक होते. यूचा आकडा बदलत नाही. सर्व्हरचे नाव आणि सिरियल नंबर पुढे आणि मागे दोन्हीकडे चिकटवा. मागे उभा असलेला माणूस पुढचे पाहू शकत नाही, आणि चुकीच्या सर्व्हरची वायर ओढली जाते ती मागूनच.

कामाला जुंपण्याआधी

सर्व्हर बसला, चालू झाला, की लगेच त्यावर डेटा टाकायची घाई होते. दोन दिवस थांबा. मेमरीची चाचणी चोवीस तास चालवा, प्रोसेसर आणि डिस्कवर भार टाका, तापमान पाहा. मग मुद्दाम तोडफोड करा: ए बाजूचा एमसीबी पाडा, एक पॉवर सप्लाय काढा, एक डिस्क ओढा, एक नेटवर्क वायर काढा. दर वेळी दोन गोष्टी पाहा. काम चालू राहिले का? आणि कोणाच्या तरी मोबाइलवर किंवा ई-मेलवर सूचना आली का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर पहिल्याचा उपयोग नाही. एक सप्लाय मेलेला कोणाला कळलेच नाही, तर रॅक महिनोन् महिने एका पायावर उभा राहतो.

सूचना पाठवण्याचे काम सर्व्हरमधला छोटा स्वतंत्र संगणक करतो: डेलमध्ये आयड्रॅक, एचपीईमध्ये आयएलओ. तो दुरून सर्व्हर चालू-बंद करू शकतो, म्हणजे त्याचा ताबा गेला की सगळे गेले. कारखान्यातला पासवर्ड पहिल्या मिनिटाला बदला. त्याला वेगळे, बंद नेटवर्क द्या. इंटरनेटवर कधीही उघडा ठेवू नका. आयपीएमआय २.० या जुन्या पद्धतीत लॉग-इन होण्याआधीच पासवर्डचा हॅश समोरच्याला मिळू शकतो. ती वापरत नसाल तर बंद करा.

डिस्क आणि फर्मवेअर

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे सर्वांनी ऐकलेले असते. रेड कोणती निवडावी, याचे उत्तर डिस्कच्या आकारात आहे. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट वेगाने अखंड लिहिली तरी पुन्हा भरायला २२ तास लागतात. काम चालू असताना त्याहून कितीतरी जास्त. रेड ५ मध्ये तेवढ्या वेळात दुसरी डिस्क गेली तर सगळे गेले. मोठ्या डिस्कना रेड ६ किंवा १० घ्या आणि एक डिस्क राखीव ठेवा.

डिस्क सांगून मरतेच असे नाही. गुगलने २००७ मध्ये आपल्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांनी डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदींत तापमान वगळता एकही इशारा दिलेला नव्हता. म्हणून इशारा आला तर डिस्क बदला, आणि आला नाही तरी निर्धास्त राहू नका. बदलताना आधी सॉफ्टवेअरमधून त्या खणाचा दिवा लुकलुकवा, सिरियल नंबर जुळवा, मगच ओढा. घाईत शेजारची चांगली डिस्क ओढली तर रेड तिथेच कोसळू शकते.

‘चालू आहे ना, मग हात लावू नका’ हा सल्ला फर्मवेअरच्या बाबतीत महागात पडतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने कळवले की त्यांच्या काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर कायमच्या बंद पडतात आणि त्यांवरचा डेटाही परत मिळत नाही. ३२,७६८ तास म्हणजे तीन वर्षे, २७० दिवस आणि आठ तास. एकाच दिवशी चालू केलेल्या सगळ्या डिस्क जवळपास एकाच वेळी जाणार. कोणतीही रेड तिथे वाचवू शकत नव्हती. उपाय होता फक्त नवे फर्मवेअर वेळेत टाकणे. कंपनीच्या सूचना ई-मेलवर मागवा, सहा महिन्यांतून एकदा अद्ययावत करा, आणि आधी सर्वांत कमी महत्त्वाच्या सर्व्हरवर करून पाहा.

बॅकअपची एक प्रत दुसऱ्या इमारतीत हवीच. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएचक्लाउड कंपनीचे एक डेटा सेंटर जळून खाक झाले. ज्यांच्या बॅकअपच्या प्रती त्याच आवारात होत्या त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा गेला.

निगेचे वेळापत्रक

रोज, पाच मिनिटे: तिन्ही सेन्सरचे तापमान, रात्रीचा बॅकअप, आलेल्या सूचना. खोलीत एकदा जाऊन पिवळा दिवा कुठे लागला आहे का ते पाहा आणि कान द्या. झिजलेला पंखा आकड्यांआधी आवाजाने कळतो.

दर महिन्याला: एसीचे फिल्टर धुवा, ड्रेन तपासा. मेमरीच्या दुरुस्त झालेल्या चुका लॉगमध्ये पाहा. एकाच मॉड्यूलवर त्या वाढत असतील तर ते बदला. बॅकअपमधली एखादी फाइल परत आणून उघडून बघा. सर्टइन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. त्यासाठी लॉग वेगळ्या यंत्रावर साठत आहेत का आणि सर्व यंत्रांची घड्याळे एनटीपीने जुळलेली आहेत का, हेही इथेच पाहा.

दर तीन महिन्यांनी: यूपीएस बॅटरीवर खरोखर चालवून पाहा आणि किती मिनिटे टिकला ते लिहा. एमसीबीचे आणि पॉवर पट्ट्यांचे जोड इलेक्ट्रिशियनकडून आवळून घ्या. पुढच्या जाळ्यांवरची धूळ काढा. सर्व्हरच्या आत ब्लोअर मारायचा तर तो बंद करून, बाहेर नेऊन, पंखे बोटाने धरून. हवेच्या झोताने पंखा गरगर फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.

दर वर्षी: मे महिन्याआधी दोन्ही एसींची सर्व्हिसिंग, पावसाआधी खिडक्या, गळती आणि भोके. सगळे क्रमाने बंद करून पुन्हा चालू करण्याची तालीम सुट्टीच्या दिवशी.

बॅटऱ्यांचे आयुष्य तापमानावर ठरते. सीलबंद बॅटरीचे वय २५ अंशांवर मोजलेले असते. त्यावर सुमारे दहा अंश चढले की ते निम्म्यावर येते. यूपीएस बाहेर पॅसेजमध्ये ठेवणाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या बॅटऱ्या दोनच वर्षांत का गेल्या, याचे उत्तर इथे शोधावे. बदलताना पूर्ण बँक एकदम बदला. जुन्या-नव्यांच्या मिसळीत जुनी बॅटरी नवीलाही संपवते.

देखभाल करार करताना ‘चार तासांत प्रतिसाद’ आणि ‘चार तासांत दुरुस्ती’ यांतला फरक वाचून घ्या. पहिल्यात फोन उचलला जातो किंवा माणूस येतो. सुटा भाग पुण्या-मुंबईहून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येऊ शकतो. म्हणून प्रत्येक जातीची एक डिस्क, एक पॉवर सप्लाय, पंख्यांचा एक संच, सीआर२०३२ बॅटरी, काही पॅच कॉर्ड, पॉवर वायरी आणि केज नट खोलीतल्याच कपाटात ठेवा.

वही, आणि तिचा उपयोग

रॅकच्या दाराच्या आत एक वही टांगा. पहिल्या पानावर रॅकचा यूवार नकाशा, मग बंद-चालू करण्याचा क्रम, एमसीबी कोणता कशाचा, करारांचे क्रमांक आणि फोन. पासवर्ड तिच्यात लिहू नका. ते सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवा. पुढच्या पानांवर तारखेनुसार नोंदी: काय बदलले, का, कोणी. संगणकावरची प्रत ठेवा, पण ती त्याच सर्व्हरवर असेल तर गरजेच्या दिवशी उघडणार नाही.

वर्षातून एकदा ही वही अशा सहकाऱ्याच्या हातात द्या ज्याने रॅक लावलेला नाही. त्याला सांगा: तिसऱ्या सर्व्हरचा बी बाजूचा पॉवर सप्लाय काढून परत बसव. तुम्ही गप्प उभे राहा. जिथे तो थांबेल आणि तुमच्याकडे बघेल, तिथे लेबल किंवा वहीतली ओळ कमी आहे.

हीच वही पैसे मागतानाही उपयोगी पडते. सर्व्हर पाच-सहा वर्षांचा झाला, वॉरंटी संपली, की संचालक मंडळ विचारते, ‘चालू आहे ना, मग नवा कशाला?’ तेव्हा गेल्या वर्षी किती तास काम थांबले, कोणते भाग बदलले, यूपीएस किती मिनिटांवरून किती मिनिटांवर आला, हे आकडे तारखांसह समोर ठेवा. मंजुरी मिळाली की जुना सर्व्हर भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवू नका: आधी डिस्क पुसा किंवा भोके पाडून निकामी करा, मग यंत्र आणि बॅटऱ्या नोंदणीकृत रिसायकलरला देऊन पावती घ्या, ई-कचरा आणि बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत तेच अपेक्षित आहे. जुन्या सर्व्हरच्या वायरी त्याच दिवशी दोन्ही टोकांपासून काढा, रिकाम्या झालेल्या यूला ब्लँकिंग पॅनेल लावा आणि नकाशाचे पान नव्याने लिहा.